प्रकरणाचं नाव झाकलं की काय उरतं?

दहावीच्या मुलांसाठी 'अभ्यास कसा करावा' या विषयावर जे काही फिरत असतं (व्हॉट्सॲपवरच्या याद्या, यूट्यूबवरचे टॉपर, क्लासच्या माहितीपत्रकाचं शेवटचं पान) त्यात गेल्या काही वर्षांत एक बदल झालाय. पूर्वी त्यात पहाटे चारला उठा, बदाम खा, टीव्ही बंद ठेवा असं असायचं. आता 'संशोधन सांगतं' अशी सुरुवात असते. धडा पुन्हा पुन्हा वाचत बसू नका, पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घ्या. एका रात्रीत सगळं करू नका, मध्ये दिवस जाऊ द्या. रंगीत पेनाने ओळी रंगवून फारसं काही होत नाही.

हे सगळं खरं आहे. बदामांपेक्षा कितीतरी बरं आहे. पण गणित आणि रसायनशास्त्रासाठी ते अपुरं आहे. इतकं अपुरं की हा सल्ला अगदी मनापासून पाळणारी मुलगीही पूर्वपरीक्षेला आपटू शकते, आणि मग 'मी सगळं नीट करूनही जमलं नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे' असा निष्कर्ष काढते. तिच्या या निष्कर्षामुळेच मला हा लेख लिहावासा वाटला. नाहीतर अभ्यासाच्या सल्ल्यांवर टीका करण्यात काय मोठं!

आधी हा सल्ला येतो कुठून ते बघू. बहुतेक याद्यांचं मूळ २०१३ सालच्या एका शोधनिबंधात आहे. डनलॉस्की आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती घेतल्या, प्रत्येकीवरचं तोवरचं संशोधन चाळलं, आणि प्रत्येकीला 'जास्त उपयुक्त', 'मध्यम', 'कमी' असा शेरा दिला. 'जास्त' हा शेरा दोनच पद्धतींना मिळाला: स्वतःची परीक्षा घेणं, आणि अभ्यासात अंतर ठेवणं. ओळी रंगवणं, पुन्हा वाचणं, सारांश लिहिणं, शब्दांच्या क्लृप्त्या करणं हे सगळं 'कमी'मध्ये गेलं. निबंध उत्तम आहे. मी तो माझ्या पहिल्या वर्षात वाचला आणि आजही कुणी विचारलं तर आधी तोच हातात देईन. मात्र तो लांबलचक आहे. त्यात प्रत्येक पद्धतीबद्दल 'कुठल्या प्रकारच्या मजकुरावर तपासलं, कुठल्या वयाच्या मुलांवर तपासलं' याची सविस्तर चर्चा आहे. यादी बनवणाऱ्यांनी चर्चा टाकून दिली आणि फक्त शेरे उचलले.

त्या चर्चेत काय होतं, हे समजायला एक प्रयोग जरा नीट बघावा लागेल. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ सालचा. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दोन छोटे उतारे दिले. एक सूर्याबद्दल, एक समुद्री ऊदमांजरांबद्दल. एक उतारा त्यांनी वाचला आणि पुन्हा वाचला. दुसरा उतारा वाचला, आणि मग तो न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातलं ८१ टक्के आठवत होतं, लिहून काढलेल्यातलं ७५. म्हणजे वाचणंच सरस! पण आठवड्यानंतर विचारलं तेव्हा पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, लिहून काढलेल्यातलं ५६. ज्याने त्या दिवशी कमी येतं असं वाटलं, तेच टिकलं. हा निकाल नंतर किती तरी वेळा, किती तरी ठिकाणी पुन्हा मिळालाय. त्याबद्दल माझा काही वाद नाही.

माझा मुद्दा उताऱ्याबद्दल आहे. ऊदमांजरांवरचा उतारा परीक्षेत आला की काम एकच असतं: तो आठवणं. काय आठवायचं हे प्रश्नातच सांगितलेलं असतं. इतिहास, भूगोल, जीवशास्त्राच्या व्याख्या यांना हे बऱ्यापैकी लागू पडतं. गणितात मात्र आठवण्याच्या आधी एक पायरी आहे, आणि बहुतेक मुलं त्याच पायरीवरून घसरतात. प्रश्न वाचून *यात काय आठवायला हवं* हे ठरवण्याची पायरी.

तीन प्रश्न देते. दोन संख्यांची बेरीज १७ आणि फरक ७, तर संख्या कोणत्या? दोन संख्यांची बेरीज १७ आणि गुणाकार ६०, तर संख्या कोणत्या? काटकोन त्रिकोणाचा कर्ण १३ आणि उरलेल्या दोन बाजूंची बेरीज १७, तर बाजू किती?

तिन्हींचं उत्तर १२ आणि ५. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकांत यातला पहिला प्रश्न 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' या प्रकरणातला, दुसरा 'वर्गसमीकरणे'मधला, आणि तिसरा चक्क दुसऱ्या पुस्तकात, भाग २ मध्ये, 'पायथागोरसचे प्रमेय' इथे. पहिल्या दोन प्रश्नांत एका शब्दाचा फरक आहे. आणि तिसरा थोडा खरवडला तर दुसराच निघतो: १७ चा वर्ग २८९, त्यातून १३ चा वर्ग १६९ वजा केला की १२० उरतात, म्हणजे बाजूंच्या गुणाकाराची दुप्पट, म्हणजे गुणाकार ६०. ज्याला हे दिसतं त्याला गणित येतं असं आपण म्हणतो. पण हे दिसायची संधी मुलाला मिळते कधी? 'वर्गसमीकरणे' प्रकरणाच्या सरावसंचात 'बेरीज १७' एवढं वाचलं की तो हात चालवायला लागतो, कारण इथे वर्गसमीकरणच मांडायचं असतं हे त्याला पानाच्या वरच्या मथळ्याने सांगितलेलं असतं. प्रश्न पूर्ण वाचायची गरजच उरत नाही.

२०१८ साली आलेलं दहावीचं पुस्तक उघडून बघा. अवयव पाडून सोडवायचा एक सरावसंच, पूर्ण वर्ग करून सोडवायचा दुसरा, सूत्र वापरून सोडवायचा तिसरा. कुठली पद्धत वापरायची हे सूचनेतच आहे. प्रकरणाच्या शेवटी 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' असतो, पण तो त्याच प्रकरणापुरता संकीर्ण. सातवी-आठवीच्या पुस्तकांत निदान अधूनमधून अनेक प्रकरणं एकत्र करणारा संग्रह येतो. दहावीला, जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज, तिथे नाही. मी पुस्तकावर घसरतेय असं वाटेल, पण हा दोष एका पुस्तकाचा नाही, जगभरची बहुतेक गणिताची पुस्तकं अशीच आहेत. नवीन पद्धत शिकवायची तर ती एकेकटी शिकवावी लागते, हे ठीकच. पण पद्धत शिकवून झाल्यावर ती *ओळखायला* शिकवायचं काम कुणाच्याच वाट्याला येत नाही.

याच जागी डेव्हिड रोरर नावाच्या फ्लोरिडातल्या मानसशास्त्रज्ञाचं काम येतं. २००७ साली त्यांनी आणि टेलर यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. पाचर, लंबगोल वगैरे, म्हणजे शाळेत सहसा न भेटणारे आकार. एका गटाने आधी सगळी पाचरीची उदाहरणं केली, मग सगळी दुसऱ्या आकाराची, असं ओळीने. दुसऱ्या गटाने तीच उदाहरणं सरमिसळ करून केली. सराव चालू असताना ओळीने करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत ओळीने करणारे २० टक्क्यांवर आले आणि सरमिसळवाले ६३ वर राहिले.

८९ वरून २०. प्रिलिमनंतर घराघरांत जे नाटक होतं ते या दोन आकड्यांत आहे. 'प्रकरणाच्या टेस्टमध्ये तर वीसपैकी अठरा होते, मग आता काय झालं?' झालं काहीच नाही. त्या अठरांमध्ये ओळखण्याचे मार्क मथळ्याने फुकट दिले होते, ते आता कापले गेले.

प्रयोगशाळेतला हा प्रयोग लहान होता, विद्यार्थी मोजकेच, आणि पाचरीचं घनफळ काही कुणाच्या आयुष्याचा प्रश्न नाही. म्हणून पुढचं काम महत्त्वाचं. २०२० साली रोरर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांवर, ७८७ मुलांवर, काही महिने चाललेला प्रयोग प्रसिद्ध केला. कुठल्या वर्गाला सरमिसळ सराव आणि कुठल्याला नेहमीसारखा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेने ठरवलं. शिकवणारे तेच, वर्ग तेच. दोन्हीकडे उदाहरणं तीच, फक्त क्रम वेगळा. महिन्याभराने न सांगता परीक्षा घेतली. सरमिसळवाल्यांना सरासरी ६१ टक्के, बाकीच्यांना ३८. शिक्षणाच्या क्षेत्रात एवढा फरक पाहायची सवय आम्हाला नाही. इथे दोन-चार टक्क्यांसाठी प्रबंध लिहिले जातात.

आता गंमत बघा. २०१३ च्या त्या यादीत सरमिसळ सरावाला 'मध्यम' शेरा आहे, आणि तेव्हाच्या पुराव्यावर तो योग्यच होता. वर्गातले भक्कम प्रयोग नंतर आले. पण यादी मात्र तशीच पुढे ढकलली जातेय. त्यामुळे दहावीच्या मुलाच्या हातात पडणाऱ्या पोस्टरवर पहिल्या दोन ओळी 'स्वतःची परीक्षा घ्या' आणि 'अंतर ठेवा' अशा असतात. गणितासाठी सगळ्यात कामाची गोष्ट एक तर पाचव्या ओळीत असते किंवा जागेअभावी गाळलेली. मग मूल काय करतं? 'स्वतःची परीक्षा' म्हणून सूत्रांच्या चिठ्ठ्या बनवतं. पुढे 'शंकूचं घनफळ', मागे सूत्र. शंभर वेळा बरोबर येतं. आणि परीक्षेत धान्याचा ढीग, त्याचा घेर आणि उंची दिली की तो शंकू आहे हे सुचत नाही. चिठ्ठीवर 'शंकू' असं लिहिलेलं होतं ना!

संशोधकांमध्येही यावर भांडण झालंय, ते थोडक्यात सांगते. २०१५ साली व्हॅन गॉग आणि स्वेलर यांनी लिहिलं की मजकूर जितका गुंतागुंतीचा, तितका परीक्षेचा फायदा कमी होतो, कधी कधी नाहीसाच होतो. कार्पिकी आणि ऑ यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं की असं काही नाही, गुंतागुंतीच्या मजकुरावरही फायदा दिसतो, आणि तुमची 'गुंतागुंत' ही कल्पनाच ढिली आहे. दोन्ही निबंध वाचल्यावर माझं मत कार्पिकींच्या बाजूला झुकतं. पण स्वेलर ज्याकडे बोट दाखवतात ते खोटं नाही. नवशिक्या मुलाला कोऱ्या कागदासमोर बसवून 'सोडव' म्हटलं तर तो आठवत नसतो, चाचपडत असतो. आणि चाचपडण्यातच त्याचं सगळं लक्ष खर्च होतं.

याच स्वेलर यांनी कूपर यांच्याबरोबर १९८५ साली दाखवलं होतं की बीजगणित नव्याने शिकताना नुसती उदाहरणं सोडवत बसण्यापेक्षा एक सोडवलेलं उदाहरण नीट अभ्यासायचं आणि लगेच तसंच एक स्वतः सोडवायचं, हे कमी वेळात होतं आणि पुढे चुकाही कमी होतात. म्हणजे गाइडमधलं सोडवलेलं उदाहरण वाचणं हे पाप नाही. शिक्षकांना मी हे सांगते तेव्हा त्यांना जरा धक्का बसतो. गाइड म्हणजे आळस, असं आपण धरून चाललेलो असतो. पण गाइड वाचायची रीत चुकते. मुलं उत्तर गोष्टीसारखं वाचत जातात, प्रत्येक पायरीला 'हो, बरोबर' असं वाटतं, आणि ते 'बरोबर वाटणं' म्हणजेच येणं असा समज होतो. त्याऐवजी कागदाने खालची पायरी झाकायची, पुढे काय असेल ते स्वतः लिहायचं, मग कागद सरकवायचा. आणि 'ही पायरी इथे का?' याचं उत्तर तोंडाने म्हणायचं. मोठ्याने म्हटलं तर बरं, घरचे हसले तरी चालेल.

पुस्तकात 'कृती पूर्ण करा' म्हणून रिकाम्या चौकटींची उदाहरणं असतात, ती नेमकी याच विचाराची आहेत: अर्धं सोडवून दिलेलं, अर्धं तुम्ही भरा. कल्पना चांगली. पण बोर्डात कृतीवर मार्क असतात म्हटल्यावर मुलं चौकटी पाठ करतात. तिसऱ्या चौकटीत 'कोन एबीसी', चौथीत 'कोको कसोटी'. चांगली कल्पना मार्कांच्या हाती सापडली की तिचं काय होतं याचा हा नमुना.

म्हणजे क्रम असा: आधी सोडवलेलं, मग त्याच जातीची दोन-तीन, आणि मग लवकरात लवकर सरमिसळ. आपल्याकडे तिसरी गोष्ट थेट जानेवारीत, सराव प्रश्नपत्रिकांच्या रूपाने येते. तोपर्यंत आत्मविश्वास सगळा मथळ्यांवर उभा असतो.

आता रसायनशास्त्र. इथे सल्ल्यांची दुसरी जात भेटते: क्लृप्त्या. पहिली वीस मूलद्रव्यं लक्षात ठेवायला एक वाक्य, अभिक्रियाशीलतेच्या क्रमाला दुसरं, प्रत्येक गणाला एकेक, बहुतेक हिंदीत आणि थोडी अचकट. मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला क्लृप्तीची ताकद माहीत असते, कारण 'तानापिहिनिपाजा' आपण मरेपर्यंत विसरत नाही. सात रंग, क्रमाने, कायमचे. पण तांबडा सगळ्यात कमी का वळतो आणि जांभळा सगळ्यात जास्त का, याबद्दल तानापिहिनिपाजा एक अक्षर सांगत नाही. सांगायला पाहिजे असंही नाही. त्याचं काम क्रम सांभाळायचं, ते त्याने केलं.

प्रश्न असा की रसायनशास्त्रात कुठल्या गोष्टी या जातीच्या आहेत? काही नक्की आहेत. सोडिअमची संज्ञा 'एन-ए' का, तर लॅटिन नॅट्रिअम. पोटॅशिअमची 'के', तर कॅलिअम. लोखंडाची 'एफ-ई', तर फेरम. मुलाच्या बाजूने बघितलं तर यात तर्क काही नाही, घोका आणि मोकळे व्हा. सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, अमोनिअम ही मूलकं आणि त्यांचे प्रभारही शाळेच्या पातळीवर तसेच. यांच्यासाठी चिठ्ठ्या कराव्यात, क्लृप्त्या कराव्यात, रोज बसमध्ये म्हणाव्यात. २०१३ च्या निबंधाने शब्दांच्या क्लृप्त्यांना 'कमी' म्हटलं असलं तरी एवढ्या कामापुरता मी त्यांचा बचाव करीन.

पण आवर्तसारणी? मेंडेलीव्हने १८६९ मध्ये ती मांडली तेव्हा तो विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता. ६३ मूलद्रव्यं माहीत झाली होती आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीचा ढीग कुठल्या क्रमाने लावायचा हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. सारणी हीच मुळात आठवणीसाठीची व्यवस्था आहे. तिच्यात मोकळी घरं ठेवून त्याने न सापडलेल्या मूलद्रव्यांचे गुणधर्म सांगितले. ॲल्युमिनिअमच्या खालचं घर १८७५ मध्ये गॅलिअमने भरलं. त्याचं अणुवस्तुमान सुमारे ६८ असेल असं मेंडेलीव्ह म्हणाला होता, ते ६९.७ निघालं. सांगायचा मुद्दा हा की घराची जागा कळली की मूलद्रव्याचं वागणं बऱ्याच अंशी कळतं. पहिल्या विसांचा क्रम क्लृप्तीने पाठ करा, हरकत नाही. कार्बन सहावा, म्हणून इलेक्ट्रॉन २ आणि ४, म्हणून संयुजा ४, असं त्यातून निघतं. मात्र संयुजांचीही वेगळी क्लृप्ती, आकारमानाच्या चढउताराची वेगळी, धातू-अधातूंची वेगळी अशी रास लावली, की मेंडेलीव्हने एकत्र बांधलेलं सगळं आपण पुन्हा सुटं करतो. मग मुलं म्हणतात, 'केमिस्ट्रीत फार पाठ करावं लागतं.' त्यांनी ते तसं करून घेतलेलं असतं. किंवा त्यांना कुणी तरी करून दिलेलं.

समीकरणांचं त्याहून अवघड. ग्लासगोचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक ॲलेक्स जॉनस्टोन यांनी १९९१ साली एक त्रिकोण मांडला, तो रसायनशास्त्र शिकवण्याच्या संशोधनात आज सगळीकडे भेटतो. एका टोकाला डोळ्यांना दिसतं ते: मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला, निळा रंग फिका पडून हिरवट झाला, खिळ्यावर तांबूस थर आला. दुसऱ्या टोकाला न दिसणारं: लोखंडाचे अणू आयन होऊन द्रावणात जातात, तांब्याचे आयन अणू होऊन खिळ्यावर बसतात. तिसऱ्या टोकाला लिहायचं ते: संज्ञा, बाण, आकडे. रसायनतज्ज्ञ या तीन टोकांमध्ये विचार न करता उड्या मारतो. नवशिक्याला तिन्ही एकदम सांभाळणं झेपत नाही, आणि आपण मात्र एकाच वाक्यात तिन्ही बोलतो. हे जॉनस्टोन यांचं म्हणणं. मुलं मग जे परीक्षेत मोजलं जातं ते टोक धरतात, बाकी दोन सोडून देतात.

सोडून दिलं तरी मार्क मिळतात, हीच अडचण. यारॉक यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या चौदा शाळकरी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. साधी समीकरणं संतुलित करायला दिली, ती मुलांनी केली. मग सांगितलं, हेच गोळ्यांनी काढून दाखवा. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिआ होतो, त्या समीकरणात हायड्रोजनच्या आधी मोठा ३ येतो आणि हायड्रोजनच्या पायाशी छोटा २ असतो. म्हणजे दोन-दोन अणूंच्या तीन जोड्या. बऱ्याच मुलांनी सहा गोळे एकमेकांना चिकटवून एक लांब माळ काढली. आकडे बरोबर, सहा आणि सहा जुळले, समीकरण 'आलं'. पण मोठा ३ आणि छोटा २ यांत फरक काय, हे त्यांना कधी लागलंच नव्हतं. गुणाकार केला की झालं.

आपल्याकडे रासायनिक सूत्र लिहायला 'संयुजांचा तिरकस गुणाकार' शिकवतात. रीत झकास आहे, उत्तर नेहमी देते. ओळखीतल्या एका नववीच्या मुलीने मला त्या रीतीने मॅग्नेशिअम ऑक्साइडचं सूत्र दोन मिनिटांत काढून दाखवलं. २ आणि २ आले म्हणून छेदही दिला. मी विचारलं, छेद का दिला? 'अपूर्णांकात देतो तसा.' तिचं उत्तर तिच्या जागी शहाणपणाचं होतं, तिला माहीत असलेल्या सगळ्यात जवळच्या नियमाला तिने धरलं होतं. मॅग्नेशिअमने दिलेले दोन इलेक्ट्रॉन एकाच ऑक्सिजनने घेतले, हिशेब तिथेच मिटला, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. या मुलीला मी 'स्वतःची परीक्षा घे' असा सल्ला दिला असता तर तिने तिरकस गुणाकाराची आणखी पन्नास उदाहरणं केली असती. आठवून पाहण्याचा सराव जे आठवलं जातं ते पक्कं करतो. ते अर्धवट असेल तर अर्धवटपण पक्कं होतं.

म्हणून रसायनशास्त्रात चिठ्ठीची रीतच बदलायला हवी. चिठ्ठीवर एक टोक असावं, आणि ओढणाऱ्याने उरलेली दोन सांगावीत. 'लोखंड अधिक कॉपर सल्फेट' असं समीकरण आलं, तर परीक्षानळीत काय दिसेल ते सांग, आणि आत कोण कुठे गेलं ते चार गोळे काढून दाखव. 'चुन्याची निवळी दुधी झाली' अशी चिठ्ठी आली तर समीकरण लिही. पहिल्या आठवड्यात हे फार हळू जातं.

हळू जातं, आणि वाईट वाटतं. सगळ्या सल्ल्यांमध्ये हे सांगायचं राहून जातं. ऊदमांजरांच्या प्रयोगात पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. घनाकृतींच्या प्रयोगात सरावाच्या वेळी ओळीने करणारे पुढे होते. शिकत असताना जे सोपं जातं त्याला आपण चांगलं शिकणं समजतो, आणि हा भ्रम हुशार मुलांनाही असतो, शिक्षकांनाही. सरमिसळ करायला बसलेल्या मुलाची दहातली चार उदाहरणं चुकतात. शेजारचा ओळीने करतोय, त्याचं एकच चुकतं. कुणाला 'माझं गणित कच्चं आहे' असं वाटेल? आणि दोन आठवड्यांत कोण पद्धत सोडून देईल? हे आधी सांगून ठेवलं नाही तर सल्ला देणाऱ्यानेच त्याला खड्ड्यात घातलं असं होतं.

एका गोष्टीवर मात्र मला उलट बाजूने टीका करायचीय. 'समजून घ्या, पाठ करू नका' हे वाक्य आता इतकं सोज्वळ झालंय की पाठ करणं म्हणजे मागासलेपणा. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, अडीचकी, औटकी येत होती, आणि बाजारात त्यांचा हिशेब आपल्या फोनच्या आधी व्हायचा. एका वेळी डोक्यात धरता येतील अशा गोष्टी मोजक्याच असतात, हे स्वेलर यांच्या सगळ्या कामाचं मूळ. आठ सत्ते छप्पन्न आपोआप येत नसेल तर वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना अर्धं डोकं पाढ्यातच अडकतं. मूलकांचे प्रभार तोंडावर नसतील तर समीकरण संतुलित करताना तेच. पाठांतराने जागा मोकळी होते. त्या मोकळ्या जागेत करायचं काय, हा पुढचा प्रश्न, आणि तो घोकंपट्टीवाले विचारत नाहीत. पण 'समजून घ्या'वाले जागाच मोकळी करू देत नाहीत.

घरी करण्यासारखं फार साधं आहे. झालेल्या प्रकरणांतली उदाहरणं प्रकरणाचं नाव न घालता चिठ्ठ्यांवर उतरवायची, डब्यात टाकायची, रोज पाच काढायच्या. आधी पाचही चिठ्ठ्यांवर फक्त एक ओळ लिहायची: इथे काय वापरायचं आणि कशावरून. मग सोडवायला घ्यायचं. चुकलं तर चूक ओळखण्यात झाली की करण्यात, हे शेजारी लिहायचं. त्यावरून पुढे कशावर वेळ घालवायचा ते कळतं. ओळखण्यातली चूक आणखी वीस उदाहरणं ओळीने केल्याने जात नाही. 'बेरीज १७'वाले तिन्ही प्रश्न डब्यात टाका. चौथाही टाका: आयताचं क्षेत्रफळ ६०, कर्ण १३, परिमिती किती?

शाळेचं काम थोडं वेगळं. घटक चाचणी नावाप्रमाणेच घटकाची असते, आणि तिच्यात मागच्या प्रकरणांतले दोन प्रश्न घालायला कुठला नवा अभ्यासक्रम लागत नाही. पण तसं केलं की वर्गाची सरासरी खाली येते. मग मुख्याध्यापक विचारतात, पालकसभेत विचारतात, आणि मार्चमध्ये मिळणारं फळ सप्टेंबरमध्ये कुणाला दाखवता येत नाही. ज्या एक-दोन शिक्षकांशी माझं यावर बोलणं झालं त्यांनी मधला मार्ग काढलाय: मागच्या प्रकरणांचे प्रश्न चाचणीत असतात, त्यांचे मार्क प्रगतिपुस्तकात धरत नाहीत, पण चुकलेली उत्तरं दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतात. रोरर यांच्या प्रयोगातल्या वर्गांनाही नवीन पुस्तक दिलं नव्हतं, उदाहरणांच्या क्रम बदललेल्या झेरॉक्स होत्या. त्या पुऱ्या करायला मुलांना वेळ जास्त लागला, हे त्यांनी निबंधात नोंदवलंय. दहावीच्या वर्गात तो वेळ बहुधा शेवटच्या प्रकरणांतून काढावा लागेल, आणि कुठल्या, हे ठरवायचं काम गणिताच्या शिक्षकांनी जूनमध्येच करायला हवं.